रोहिदासची अर्धी पाटी

रोहिदास गेला त्या सकाळी मला फार बरं वाटलं होतं. मी परसात बसून नारळ सोलत होते, शेडमधला कंप्रेसर नेहमीसारखा ठोठावत होता आणि मध्येच तो थांबला. म्हटलं, चला, आज हा माणूस भात गरम असताना जेवायला येणार. भात गरम होता, कढी गरम होती, तो आला नाही. त्याची बायको मंदा हाका मारून थकली. त्या कंप्रेसरशेजारी बसून बसून त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे हाकेला ओ मिळाली नाही म्हणून आमच्या घरात कोणी घाबरत नाही. शेवटी मीच उठून शेडमध्ये गेले. तो खुर्चीत बसला होता. चष्मा कपाळावर, हात मांडीवर. समोर त्याचं पाट्या कोरायचं मशीन काम संपवून उभं होतं. काम संपलं की त्यातली सुई आपोआप डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबते, तशी ती थांबली होती. टेबलावर पितळेची पाटी होती आणि तिच्यावर नुकतंच कोरलेलं होतं : कुत्र्यापासून सावध.

मोठमोठ्या माणसांचे शेवटचे शब्द लोक सांगत बसतात. माझ्या भावाचे हे. फोंड्याच्या एका रिटायर गृहस्थानं ती पाटी करायला सांगितली होती. बाराव्यानंतर तो न्यायला आला तेव्हा मेलेल्या माणसाच्या हातची शेवटची वस्तू घरात न्यावी की नाही म्हणून पायरीवरच घुटमळत राहिला. मी म्हटलं, "व्हरा हो. कुत्रो काय पाटी वाचता?" तेव्हा कुठे त्यानं ती पिशवीत घातली.

आता दीड महिना झाला. लोक येतात, चहा पितात, "देवमाणूस होता" म्हणतात. देवमाणूस वगैरे काही नव्हता. हट्टी होता, घाणेरडे हात फडक्याऐवजी माझ्या पदराला पुसायचा आणि स्वतःची चूक कधी कबूल करायचा नाही. पण त्याच्याशी भांडायला मजा यायची, हे मात्र खरं.

आम्ही दोघंच भावंडं. डिचोलीपासून थोडं आत आमचा वाडा, म्हणजे पाच-पंचवीस घरांची वस्ती. रोहिदास माझ्या पाठचा, दीड वर्षानं लहान. त्यानं मला कधी बाय म्हटलं नाही, नावानंच हाक मारायचा. आई ओरडायची, तो तेवढ्यापुरता गप्प बसायचा. देवळाच्या मंडपात एक मास्तर मराठी शिकवायचे, तिथं आम्ही दोघंही चौथीपर्यंत गेलो. तो पुढे आणखी शिकला, मी नाही. लिहायला आवडायचं ते त्याला, म्हणजे कागदावर नव्हे. खिळा मिळाला की हा काहीतरी खरवडत असायचा. तुळशीच्या कट्ट्यावर, बैलगाडीच्या पत्र्यावर, एकदा वडलांच्या पानाच्या डब्यावर. त्या डब्यापायी असा मार खाल्ला की आठवडाभर उपडाच झोपायचा.

माझं नाव शेवंती. लग्नात ते बदललं. पेडण्याला माझं सासर, त्यांनी सत्यभामा ठरवलं. आमच्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालायची रीत आहे आणि नाव घालायचं ते सासरचं. त्यासाठी एक म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन आमच्या अंगणात बसला होता. त्यानं पितळेची कळशी मांडीवर घेतली आणि ठोकायला लागला. तेवढ्यात रोहिदास कुठून तरी उगवला, वाकून बघितलं आणि ओरडला, "थांब, थांब. नाव चुकलं."

म्हाताऱ्याचा हात जागच्या जागी थांबला. आई बाहेर आली.

"काय चुकलं?"

"सत्यभामा कोण? आमच्या घरात तसलं कोण नाय. भांडी शेवंतीची."

"आता तिचं नाव तेंच रे, मेल्या."

"मग ही भांडी त्या सत्यभामेक दिया आणि शेवंतीक दुसरी घेया."

मांडवात सगळे हसले. त्याला हसू आलं नाही, तो खरंच तणतणला होता. म्हाताऱ्याचं मात्र चित्त उडालं. सगळं निवळल्यावर त्यानं पुन्हा हातोडी उचलली तेव्हा जागेचा अंदाज चुकला. ती कळशी अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर एका बाजूला 'सत्य' आहे आणि बरंच चालत गेल्यावर 'भामा' भेटते. सासूबाई मरेपर्यंत विचारत होत्या की ही कळशी दोघींची आहे काय.

नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. सासरी राहण्यात राम नव्हता, मी माहेरी परत आले ती इथलीच झाले. तेव्हा मला शेवंती म्हणणारे बरेच होते. आई होती, वडील होते, काकी, शेजारच्या म्हाताऱ्या. मग एकेक करून सगळे गेले. लहान होते त्यांनी मला आत्या म्हणायला सुरुवात केली आणि आज सगळा वाडा आत्या म्हणतो, माझ्यापेक्षा म्हातारा दिसणारा पोस्टमनसुद्धा. मंदा मला बाय म्हणते. रेशन कार्डावर सत्यभामा. शेवंती म्हणणारा शेवटी हा एकच उरला होता. तोही शेडमधून बोंब मारून, चहासाठी.

आता घराचं सांगते, कारण आमचं मोठं भांडण त्यावरचंच. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. वडील गेल्यावर शहाणी माणसं रोहिदासला सांगायला लागली की बहिणीची सही घेऊन ठेव, पुढे कटकट नको. मंदाच्या माहेरचे तर दर चवथीला मोदक खाऊन झाले की हाच विषय काढायचे. रोहिदास म्हणायचा, "ती माका साधं बरं म्हणत नाय, सही खंयची करतली?" त्यानं मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी दिली नसती, हे त्यालाही माहीत होतं. मला घर विकायचं नव्हतं, मध्ये भिंत घालायची नव्हती. पण रस्त्यावरून जाणारा माणूस 'हें रोहिदासचं घर' म्हणायचा आणि मी बलकांवात, दारापुढच्या ओसरीवर, समोर बसलेली असायचे, जशी कोणी चार दिवसांसाठी आलेली पाहुणी. मला दारावर माझं नाव हवं होतं. एवढंच. आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलं होतं.

तेव्हा पाट्या करणं त्याच्या हातात नव्हतं. तो खाणीवरच्या गॅरेजात वेल्डर होता. खाणी बंद पडल्या तसा घरी आला, परसात शेड घातली आणि गेट-ग्रिल करायला लागला. मग त्यानं ते सीएनसी टेबल आणलं. खोलीभर मोठं लोखंडी टेबल, वर पुढे-मागे सरकणारा आडवा दांडा आणि त्या दांड्याला आगीनं कापणारा टॉर्च. संगणकात चित्र काढून द्यायचं, टॉर्च तसा फिरतो आणि पत्रा कापत जातो. ते बसवायला त्यानं माझा आबोलीचा वाफा काढून टाकला. मला विचारलं नाही. मी दोन दिवस त्याला वाढलं नाही, तो मंदाकडून वाढून घेऊन जेवला.

टॉर्चनं नक्षी छान निघायची, पण अक्षरं आरपार कापली की घोटाळा. 'व'च्या पोटातला तुकडा खाली पडायचा आणि तिथं नुसतं भोक राहायचं. एका वासुदेवाच्या गेटावर अशी दोन भोकं आली. तो म्हणाला, हे काय नाव आहे की गोळी लागलीय. म्हणून मग रोहिदासनं ती सुई घेतली. हातभर नळी, तिच्या टोकाला कडक धातूची बारीक सुई. ती टॉर्चच्या शेजारी त्याच दांड्याला बसवतात. कंप्रेसरची हवा सोडली की सुई सुतारपक्ष्यासारखी धडधडते आणि धातूवर इतकी जवळजवळ टिंबं मारत जाते की बघणाऱ्याला ती रेघच वाटते. बेळगावहून बसवायला आलेल्या माणसानं एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली की चहा देता देता मलासुद्धा पाठ झाली. सुई टॉर्चच्या चार बोटं डावीकडे आहे, कापून झाल्यावर कोरायचं असेल तर ते संगणकाला सांगायला विसरू नका.

"तें कसं विसरतलों?" रोहिदास म्हणाला.

पहिलं काम घराच्या पाटीचं, असं त्यानं आधीच ठरवलं होतं. बेळगावचा माणूस गेला त्याच दुपारी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर आला तो पाटी पाठीमागे लपवून. मी म्हटलं, दाखव. दीड वीत लांब पितळ, कोपरे टॉर्चनं सुरेख गोल केलेले, अक्षर देखणं. पण 'रोहिदास' पार डाव्या कडेला चिकटलेला आणि उजवीकडची अर्धी पाटी कोरी.

"हें काय?"

"सुई चुकली."

"सुई चुकली काय तू चुकलंस?"

"दोगांय."

मी पुढे वाकून पाटी नीट बघितली. मला तर ती अगदी बरोबर वाटली. म्हटलं, "देवानंच वाटणी केल्यान. अर्धं घर तुजं, अर्धं माजं. उरल्या जाग्यार माजं नाव घाल."

त्याचा चेहरा एकदम खुलला. चूक ही चूक राहिली नव्हती ना. "घालतां," म्हणाला. "शेवंती."

"सत्यभामा."

"ती कोण?"

"रेशन कार्डार जी आसा ती. ह्या घरात वाटा तिच्या नावार आसा. शेवंतीक कायद्यान काडीचो वाटो नाय."

"ह्या घरात सत्यभामा नावाचं कोण जल्माक येवंक नाय. मी घालूचंय नाय."

"मग कोरी ऱ्हांव दी."

"ऱ्हांव दी."

राहिली. त्यानं चार स्क्रू मारून ती तशीच दाराशेजारी लावली. एका बाजूला रोहिदास, दुसऱ्या बाजूला काही नाही. किती वर्षं झाली कोण जाणे, सर्वेश तेव्हा कॉलेजात जायचा आणि आता त्याला पोरं आहेत. सर्वेश म्हणजे रोहिदासचा मुलगा, वेर्ण्याला कारखान्यात आहे, शनिवारी येतो. चवथीला पाहुणे यायचे आणि विचारायचे, पाटी अर्धीच का? रोहिदास सांगायचा, "ती आयकत नाय." मी सांगायचे, "तो लिहीत नाय." मीटर वाचायला येणारा एकदा म्हणाला, "रोहिदास... आणि फुडें?" मी म्हटलं, "फुडें मी." तो वर न बघता आकडा लिहून गेला.

बाकी सगळ्या जगाला मात्र नावं मिळाली. सुई हातात आल्यावर हा माणूस आवरेना. घरातली ताटं, डब्यांची झाकणं, बाल्दीचा तळ, कोयत्याचं पातं, काही सोडलं नाही. पण एक मेख होती. टेबलावर सपाट वस्तूच बसते, गोल वस्तूवर सुईचं चालत नाही. वाड्यावरच्या बायकांनी आपापली भांडी आणली, कारण लग्नाकार्याला मोठे टोप एकमेकींकडे जातात आणि परत येताना बदलतात. रोहिदासला टोपावर कोरता येईना, म्हणून त्यानं सगळ्यांच्या झाकणांवर नावं घातली. पुढच्या लग्नसराईनंतर प्रत्येकीचं झाकण बिनचूक घरी आलं. टोप आले नाहीत. बायका झाकणं घेऊन शेडच्या दारात उभ्या राहिल्या आणि हा आतून कंप्रेसर चालू करून बसला, म्हणजे काही ऐकू यायला नको.

त्या सुईचं आणखी एक तंत्र असतं. पत्रा कितीही सपाट म्हटला तरी कुठेतरी वाकलेला असतो, मग सुई एकीकडे खोल जाते, दुसरीकडे नुसती हवेत नाचते. म्हणून खऱ्या कामाआधी एखाद्या तुकड्यावर एक शब्द लिहून बघायचा. रोहिदास सुरुवातीला 'श्री' लिहायचा. ते तुकडे कोपऱ्यात साचले आणि काही महिन्यांनी भंगारवाला आला. तो ते गोणीत भरून वर पाय देऊन दाबायला लागला तेव्हा मंदानं बघितलं. तिनं शेड डोक्यावर घेतली. देवाचं नाव पायाखाली, ह्या घरात काय धर्मबुडवे राहतात काय. रोहिदास म्हणाला, बरं, तुझं नाव लिहितो. मंदा म्हणाली, "माजं नाव भंगारात? खबरदार."

"मग शेवंतीचं घालतंय," तो म्हणाला. मला कोणी विचारलंच नाही. मी भांडले तेव्हा त्यानं मला टेबलाशी नेऊन बोट ठेवून समजावलं. "पळय. तुज्या नावात मात्रा आसा, वेलांटी आसा, अनुस्वार आसा. सगळ्या वाटांनी सुई जाता. तुजं नाव नीट इलं तर काम नीट येतलं. नायतर तुजं नाव लिवपाची माका काय हौस?"

त्यानंतर जो तो मला हे ऐकवायचा. मंदानं नाही म्हटलं म्हणून माझं नाव भंगारात गेलं, नाहीतर हौस कोणाला. आणि नाव तरी किती. कोंबड्यांच्या खुराड्याला ठिगळ मारलं, त्यावर शेवंती. न्हाणीच्या मोरीवरचं झाकण, शेवंती. माझ्याच मेजाचा पाय हलतो म्हणून खाली सरकवलेला पत्रा, त्यावर दोनदा. पदेर पाव द्यायला येतो त्याच्या सायकलचं मडगार्ड तुटलं तेव्हा रोहिदासनं त्याला एक पट्टी बसवून दिली, तिच्या आतल्या बाजूलाही असणार. गोणीगोणीनं शेवंत्या लॉरीत बसून बेळगावला वितळायला गेल्या. दारावर मात्र अर्धी पाटी कोरी.

एकदा ह्या सवयीनं तो चांगलाच गोत्यात आला. तुकडा जवळ नसला की हा आळशी माणूस गिऱ्हाईकाच्या पाटीच्याच मागच्या बाजूला हलक्या हातानं लिहून बघायचा. भिंतीला लावल्यावर मागचं कोणाला दिसतंय. आमोण्याच्या एका गृहस्थानं नवीन घर बांधलं, त्याचं आणि बायकोचं नाव घालून पाटी करून नेली. पण त्यानं ती भिंतीला न लावता गेटच्या ग्रिलला बांधली. बाहेरून नवराबायकोची नावं. आतून, संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की, शेवंती.

ती बाई दुसऱ्या दिवशी आली. स्कूटर नवरा चालवत होता, पण बसलेली ती अशी होती की स्कूटर तीच चालवतेय. उतरली, पाटी शेडच्या टेबलावर आपटली.

"कोण ही शेवंती? भायर काडा तिका."

नवरा मागून म्हणाला, "माका खरंच म्हायत नाय गो. देवाची आण."

"तू उलोव नाका. तुजी गेटार बसून चा पिवपाची हौस माका आता समजली."

रोहिदास कंप्रेसरच्या मागे सरकला. "ती... ती माजी भैण," म्हणाला.

"तुज्या भैणीचं नाव माज्या घोवाच्या गेटार कित्याक?"

ह्याला उत्तर होतं, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पण ते त्याच्या तोंडातून निघेना. मी माडीचे कंद शिजत घातले होते ते तसेच सोडून, हातात ढवळायचा दवलो घेऊन शेडच्या दारात गेले. "मी शेवंती. बोल."

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरे केस, तोंडात उरलेले दात, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं. मग नवऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. "ही?" म्हणाली. इतकं साफ कोणी माझ्या तोंडावर मला नापास केलेलं नाही.

नवरा एवढा मोठ्यानं हसला की त्याला ठसका लागला. मग ती हसली, मग मी. रोहिदास सगळ्यात शेवटी, बाहेर येऊन. त्या बाईनं चहा घेतला, माडीची भाजी खाल्ली आणि मागचं नाव पुसून देतो म्हटल्यावर नको म्हणाली. "ऱ्हांव दी. ह्याका धाक बरो." पुढे दर हिवाळ्यात तिच्याकडून मला भाजीची पिशवी यायची. निरोप असायचा : 'शेवंतीबायेक'. रोहिदासनं त्या दिवसापासून गिऱ्हाईकाच्या पाटीला मागून हात लावायचा नाही अशी शपथ घेतली आणि मला वाटतं, ती पाळली. फोंडेकरांच्या कुत्र्याची पाटी मी देण्याआधी उलटून बघितली होती. मागे काही नव्हतं.

आता तो गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. मंदाचा भाऊ आला, खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली आणि आवाज मऊ करून म्हणाला की आत्याबाय, आता तुमचंही वय झालं, सर्वेशच्या नावावर सगळं एकदा नीट... भांडायला तोंड उघडलं, पण भांडण सापडेना. इतकी वर्षं ह्या विषयावर मी रोहिदासच्या जोरावर भांडत होते, हे मला तेव्हा कळलं. तो विरुद्ध बाजूला उभा राहून माझीच बाजू धरायचा. आता समोर कोणीच नव्हतं. मी पाहुणीसारखी बलकांवात बसून राहिले.

मंदा मात्र उठली. तिचं माझं तसं काही फार गोड नाही, चूल एक आहे म्हणून बोलणं एक. ती स्क्रूड्रायव्हर घेऊन आली आणि दाराशेजारची पाटी काढायला लागली. भाऊ म्हणाला, "हें काय करतंस?" ती म्हणाली, "महिनो झालो, पितळ काळं पडलं. आदीं तोच पुसतालो. चिंच लावतां." आणि खाली बसली. मला वाटलं, झालं, ही पाटी आता परत लागत नाही. सर्वेशच्या नावाची नवीन येईल.

पाटी तिनं ओट्यावर उपडी ठेवली. मग म्हणाली, "बाय, हय ये."

मी उठून गेले. पाटीची मागची बाजू. इतकी वर्षं भिंतीला लागून असल्यामुळे पितळ नव्यासारखं. वर लहान अक्षरांत 'श्री'. त्याच्याखाली, अगदी मधोमध, कुठेही चार बोटं इकडे-तिकडे नाही, मोठं, खोल, देखणं : शेवंती.

मला आधी काही कळलं नाही. मंदाला कळलं. "ही पाटी पयली," ती म्हणाली. "सुई इली त्याच दिसाची. भंगारवालो तेन्ना येवंकूच नासलो. मी माजं नाव नाका म्हटलं तें मागीर, कितल्या म्हयन्यांनी."

म्हणजे मंदानं नाही म्हटलं म्हणून माझं नाव घातलं, हे जे तो जन्मभर सांगत आला, ते खोटं. सुईनं पहिल्यांदा देवाचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यांदा माझं. स्वतःचं तिसऱ्यांदा, तेही चुकवलं. आणि मग माझ्याशी शेवंती की सत्यभामा म्हणून भांडत असताना पाटी त्याच्या हातातच होती. नुसती उलटी केली असती तर भांडण तिथंच संपलं असतं. केली नाही. खोटारडा. मी त्याला शेडच्या दिशेनं तोंड करून मोठ्यानं खोटारडा म्हटलं. मंदाचा भाऊ दचकला. मंदा चिंच चोळत राहिली, दोन्ही बाजूंना.

शनिवारी सर्वेश आला. पाटी बघून त्याला फार गहिवर आला, त्याचा बापासारखा रुक्ष स्वभाव नाही. म्हणाला, आत्ये, साखळी लावून मध्ये टांगूया, दोन्ही बाजू दिसतील. मी म्हटलं, "दुकानाची पाटी आसा काय वाऱ्यार नाचपाक?" मग म्हणाला, उरलेल्या अर्ध्या जागेत सत्यभामा घालू, तुला हवं होतं तेच. मशीन मी चालवतो. मी जरा विचार केला. सही मागायला आलेल्या माणसाला सत्यभामाच लागते, ती कागदावर आहे तिथं बरी आहे, मरेपर्यंत सही न करता. म्हटलं, नको. उलटी लाव.

"बाबांचं नाव भिंतीकडे?"

"मी इतलीं वर्सां वणतीकडे तोंड करून काडलीं. आता त्याची पाळी. मी गेलंय की परत परतून लाव."

सर्वेशनं मंदाकडे बघितलं. तिनं स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला.

त्यात काही आभाळ कोसळलं नाही. मंदाच्या भावानं पुढच्या खेपेला पाटी वाचली, मऊ आवाज काढला नाही, चहा पिऊन गेला. शेड बंद असते. शनिवारी सर्वेश कंप्रेसर थोडा वेळ चालू करतो, तेवढा वेळ आम्ही दोघी मोठ्यानं बोलतो, सवयीनं. पोस्टमन पाटीशी थांबला, खिशातून चष्मा काढला, वाचलं, आणि "आत्ये, हय कोण नवीन रावपाक इलां?" असं विचारलं. मी म्हटलं, नवीन नाही, जुनीच आहे.

पदेर काही विचारत नाही, त्याला घाई असते. सकाळी सायकलचा भोंपू वाजवतो आणि "आत्ये" म्हणून हाक मारतो. परवा भोंपू वाजला, सायकल पाटीसमोर थांबली. त्यानं मान वर करून पाटी वाचली. मग रस्त्यावरून आवाज आला, "शेवंतीबाय... पाव."

मी बलकांवातच होते, टोपली हातात होती. उठले नाही. त्याला वाटलं म्हातारीला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा हाक मारली, ह्या खेपेला मोठ्यानं. मला पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. पण म्हटलं, मारू दे.